इंजिनाचे चोवीस आकडे

व्यापारी पेठेतील जुन्या वाड्यांच्या मागल्या बाजूस, रिकामी पोती आणि मोडके काटे यांच्या शेजारी, अजूनही एखादी प्रीमियर पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असलेली दिसते. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली ही गाडी. घरातल्या दोन पिढ्यांची लग्ने तिने पाहिलेली असतात, कुंभोजच्या बाहुबलीच्या कित्येक यात्रा केलेल्या असतात, आणि म्हणूनच ती भंगारात घालायला कोणी धजावत नाही.

या गाडीशी आपले नाते केवळ गिऱ्हाईकाचे नाही. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. जहाज, विमान आणि मोटार ही तिन्ही या देशात बनली पाहिजेत, असा ध्यास घेतलेला तो पुरुष. १९५३ साली ते निवर्तले. कुर्ल्याच्या त्यांच्या कारखान्यातून निघणाऱ्या फियाटचे नाव ‘पद्मिनी’ झाले ते १९७४ च्या सुमारास. ते त्यांनी ऐकले नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळीपिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर कायमची निघून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. खासगी गाड्या मात्र अजून आहेत, आणि अलीकडे नातवंडांना त्या पुन्हा चालत्या करण्याची हौस वाटू लागली आहे.

हौस चांगली आहे. परंतु तिच्यात एक टप्पा असा येतो की जेथे घरातील कोणाचीच नजर पोहोचत नाही. रंगाचे काम डोळ्यांना दिसते, सीटची शिवण हाताला लागते. इंजिन उघडले की मिस्त्री त्याचे सुटे भाग पोत्यात बांधून रिबोरिंगच्या कारखान्यात पाठवतो आणि तेथून जे परत येते ते बंद इंजिनात जाते. काम कसे झाले हे कळते ते पाच हजार किलोमीटरनंतर, बहुधा महामार्गावर, बहुधा रात्री.

सांगलीत कापडाचा व्यवसाय करणाऱ्या माझ्या धाकट्या चुलतभावाकडे १९७५ ची पद्मिनी आहे. तिच्या निमित्ताने हा टप्पा मला जवळून पाहता आला. कारखान्याचे आणि गावाचे नाव देण्याचे कारण नाही. आमच्या गावापासून दूर, मोठ्या शहरातील तो एक नावाजलेला कारखाना होता, एवढे पुरे.

आधी थोडे इंजिनाविषयी. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ७५ मिलिमीटर. चारही मिळून आकारमान १०८९ घनसेंटिमीटर. पिस्टन वरखाली घासत राहिल्याने सिलिंडर झिजतो, पण सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे ज्वलनाचा दाब सर्वाधिक आणि तेलाचा ओलावा सर्वांत कमी, तेथे तो अधिक झिजतो. म्हणजे नळी वर रुंद आणि खाली अरुंद होते. शिवाय पिस्टन एका बाजूस रेटला जात असल्याने गोलाचा अंडाकृती होतो. म्हणून जाणता मिस्त्री प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा अशा दोन दिशांनी मोजतो. चार सिलिंडरांचे चोवीस आकडे होतात. चोवीस ही संख्या आपल्याला परकी नाही. आमच्या भावाने तर ती शुभ मानूनच वहीत उतरवून घेतली.

माप चालते ते ‘थाऊ’मध्ये. इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाडीचा असतो, यावरून या व्यवहारातील बारकाई ध्यानात यावी. झीज मोजून झाली की सिलिंडर वीस थाऊ मोठा करतात आणि त्याच मापाचा जाड पिस्टन बसवतात. पुढच्या खेपेस चाळीस, त्यापुढे साठ. ब्लॉकची भिंत त्यानंतर फार पातळ होते. म्हणजे प्रत्येक ब्लॉकच्या नशिबी मोजक्याच खेपा असतात, आणि कारखान्याने गरज नसताना एक खेप खाल्ली तर ती भांडवलातून गेली, व्याजातून नव्हे.

क्रँकशाफ्टचे गणित उलटे. त्याचे गोल भाग घासून दहा, वीस, तीस थाऊ लहान करतात आणि तितकी जाड बेअरिंगे घालतात.

आमचे मिस्त्री सत्तरीच्या घरातले. शिक्षण सातवी, पण मायक्रोमीटर हातात धरला की समोरच्याने बोलायचे नाही असा दरारा. त्यांनी ब्लॉक मोजला. सर्वांत जास्त झीज आठ थाऊ, म्हणजे वीसचे काम निश्चित. क्रँकची झीज चार थाऊ, म्हणजे दहाचे घासकाम पुरे. हे आकडे त्यांनी तारीख घालून भावाच्या वहीत लिहविले. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून वीस थाऊचा पिस्टनसंच आधीच मिळवून ठेवला होता, तो ब्लॉकबरोबर पाठवला. पिस्टन आधी आणि बोरिंग नंतर, हा त्यांचा नियम. कारण पेटीवर वीस लिहिले असले तरी पिस्टन हातात घेऊन मोजल्याखेरीज सिलिंडर नेमका किती कापायचा हे ठरत नाही. आणि शेवटी त्यांनी क्रँकच्या मागच्या तबकडीवर, सहज दिसणार नाहीत अशा जागी, सेंटर पंचने दोन ठिपके मारले. भावाने विचारले, “हे कशाला?” मिस्त्री म्हणाले, “लेकीला सासरी धाडताना आपण खूण ओळखून ठेवतो की नाही, मालक?”

ठरलेली मजुरी बावीस हजार, पैकी दहा हजार आगाऊ. मुदत पंधरा दिवसांची. श्रावणात दिलेला माल भाद्रपद उजाडला तरी आला नाही. रोज फोन केला की “उद्या”. मग दशलक्षण पर्वातच, बहुधा तिसऱ्या दिवशी, कारखान्याच्या मालकांचा स्वतःहून फोन आला. ब्लॉकला तडा आहे, चारही सिलिंडरांत लायनर घालावे लागतील. क्रँक वाकलेला होता, तोही तीसपर्यंत घासावा लागला. वाढीव खर्च अठ्ठावीस हजार, आणि पैसे आल्याशिवाय पुढचे काम होणार नाही.

लायनर म्हणजे सिलिंडर मोठा कापून त्यात दाबून बसवलेली नवी नळी. तडा गेलेला ब्लॉक वाचवण्याचा तो मान्य मार्ग आहे. त्यामुळे फोनवरचे बोलणे ऐकायला अगदी शास्त्रशुद्ध होते. घरात मतभेद झाले. काकी म्हणाल्या, क्षमेच्या दिवसांत भांडण नको, पैसे देऊन मोकळे व्हा. मला ते पटले नाही. क्षमा रागावर करायची असते. खात्यातील न जुळणाऱ्या रकमेवर क्षमा करता येत नाही, ती शोधावी लागते. बँकेत असताना मालतारण कर्जाच्या गोदामांची तपासणी मी वर्षानुवर्षे केली आहे. पुढच्या रांगेतील पोती नेहमीच गच्च भरलेली असतात. पाहायची असते ती मागची रांग, आणि ती आवाज न चढवता पाहायची असते.

अनंत चतुर्दशी झाल्यावर आम्ही तिघे गेलो. मालकांनी चहा मागवला, कारखान्याचा जुना लौकिक सांगितला. मिस्त्रींनी चहा घेतला नाही. “तडा दाखवा,” एवढेच म्हणाले. मालकांनी ब्लॉकवरच्या एका रेघेकडे बोट दाखवले. मिस्त्रींनी खिशातून खडू काढला, रॉकेलची चिंधी मागून घेतली. तडा शोधण्याची ही जुनी रीत आहे: रॉकेल लावायचे, कोरडे पुसायचे, वर खडू चोळायचा. तड्यात शिरलेले रॉकेल खडूवर काळपट रेघ उमटवते. दहा मिनिटे झाली, खडू पांढराच राहिला. ती रेघ ओतकामाची होती. मग त्यांनी आपले बोअर गेज काढून सिलिंडर मोजायला सुरुवात केली. पहिला, दुसरा आणि चौथा वीसच्या मापाला कापून तयार होते, कामही सफाईचे होते. तिसरा वीसच्या पुढे पाच थाऊ गेलेला.

तेथे सारे उलगडले. कारागिराच्या हातून तिसरा सिलिंडर जास्त कापला गेला होता. पाच थाऊच्या फटीत आमचा पिस्टन खडखडला असता. चारही सिलिंडरांत लायनर घातले की चूक झाकली जाते आणि तिचा खर्च गिऱ्हाईक देतो. तडा त्यासाठी जन्माला आला होता.

चूक कोणाच्या हातून होत नाही? मला खटकली ती चूक नव्हे. आज हे धंदे कठीण झाले आहेत. नव्या गाड्यांची इंजिने सहसा रिबोरिंगला येत नाहीत, जुने कारागीर निवृत्त झाले, मुले या कामात यायला तयार नाहीत, यंत्रे तीस-चाळीस वर्षांची झाली. मालकांनी पहिल्याच दिवशी “एक सिलिंडर बिघडला, आमच्या खर्चाने लायनर घालून देतो” असे सांगितले असते तर आम्ही त्यांचे आभार मानले असते, आणि पुढची चार इंजिने त्यांच्याकडे धाडली असती.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होते. मिस्त्री क्रँककडे वळले. टेबलावर भावाच्या नावाची चिठ्ठी बांधलेला क्रँक होता, चकचकीत, तीस थाऊ घासलेला. त्यांनी तबकडीच्या मागे बोट फिरवले, पुन्हा फिरवले आणि आमच्याकडे पाहिले. ठिपके नव्हते.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात उमास्वामींनी व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते पाठ केलेले असतात. व्यापार न करणाऱ्या माणसाला त्यांतील काही शब्द कोरडे वाटतील. मला त्या कारखान्यात उभे असताना ते एकामागून एक आठवत गेले. विश्वासाने ठेवायला दिलेल्या वस्तूचा अपहार म्हणजे ‘न्यासापहार’; तो सत्यव्रताच्या अतिचारांत येतो, हे विशेष. खोटा लेख म्हणजे ‘कूटलेखक्रिया’. मापात कमीजास्त करणे, अस्सलाच्या जागी त्यासारखे दिसणारे दुसरेच खपवणे, हे अचौर्यव्रताचे अतिचार: ‘हीनाधिकमानोन्मान’ आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’. ज्यांनी ही यादी केली त्यांनी पेठ जवळून पाहिली असली पाहिजे.

कायद्याची भाषाही याहून फार वेगळी नाही. दुरुस्तीसाठी दिलेली वस्तू ही १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे निक्षेप ठरते. स्वतःच्या तशाच वस्तूची सामान्य शहाणा माणूस जितकी काळजी घेईल तितकी काळजी कारखानदाराने घ्यायची असते, आणि काम झाल्यावर तीच वस्तू परत करायची असते. तशीच दुसरी नव्हे. “आधी पैसे, मग माल” हा जो आग्रह होतो, त्यालाही कलम १७० चा आधार आहे, पण सशर्त. ज्या कामासाठी वस्तू दिली ते काम ठरल्याप्रमाणे केले असेल तरच मजुरीपोटी ती अडवून ठेवता येते. या कलमाखालची दोन्ही उदाहरणे आपल्या समाजाच्या ओळखीची आहेत: एक हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचे, दुसरे शिंप्याकडे दिलेल्या कापडाचे. पैलू पाडून दिले, तर मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवता येतो. शिंप्याने तीन महिन्यांची उधारी कबूल केली असेल, तर कोट अडवता येत नाही.

आम्ही तेथे वाद घातला नाही. घरी येऊन मी एक पानाचे पत्र लिहिले आणि ते पोचपावतीसह टपालाने पाठवले. त्यात विशेषण एकही नव्हते. माल दिल्याची तारीख, आमची मूळ मोजमापे, कारखान्यात आमच्यासमोर घेतलेली मोजमापे, इंजिनाचा क्रमांक, ठिपक्यांची जागा, आणि चार मागण्या: ठिपक्यांचा क्रँक परत, तिसऱ्या सिलिंडरला लायनर विनामूल्य, ठरल्याप्रमाणे उरलेल्या बारा हजारांचेच पक्के बिल, आणि पंधरा दिवसांची मुदत. ही वही आणि ते ठिपके नसते तर या पत्रात लिहायला काही उरले नसते, हे मी आवर्जून सांगतो.

इंजिनाच्या क्रमांकाविषयी थोडे अधिक लिहायला हवे. तो ब्लॉकवर कोरलेला असतो आणि नोंदणीपुस्तकात उतरलेला असतो. ब्लॉक बदलून आला तर गाडी कागदोपत्री दुसरीच ठरते आणि आरटीओत खेटे सुरू होतात. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंद होऊ शकते. १९७५ च्या गाडीला त्यामुळे मूळ ब्लॉकची किंमत पैशात करता येत नाही. माल देताना क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे, आणि परत घेताना ते फोनवर उघडून समोर धरावे.

आपल्या व्यापारी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. घरच्या गाडीचे बिलही दुकानाच्या नावावर घेण्याची आपल्याला सवय असते, जीएसटी वजा मिळेल या आशेने. प्रवासी मोटारीच्या दुरुस्तीवरील कराची वजावट सामान्य व्यापाऱ्याला कलम १७(५) मुळे मिळतच नाही. उलट बिल पेढीच्या नावे असले की ग्राहक आयोगापुढे समोरचा पक्ष पहिला आक्षेप घेतो की हा व्यवहार व्यापारी कारणासाठी होता, म्हणून तक्रारदार ग्राहकच नव्हे. लाभ शून्य आणि हक्क धोक्यात! भावाचे बिल वैयक्तिक नावावर घेतले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, म्हणजे त्या शहराच्या खेपा घालाव्या लागल्या नसत्या. मुदत दोन वर्षांची असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही. आधी सल्ला हवा असेल तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक आहे.

तक्रार करावी लागली नाही. अकराव्या दिवशी मालकांचा फोन आला. क्रँक ‘चुकून’ दुसऱ्या एका पद्मिनीच्या इंजिनात बसवला गेला होता, असे त्यांनी सांगितले. हे ‘चुकून’ मी अवतरणात का टाकले ते वाचक जाणतील: जास्त झिजलेला क्रँक आपल्या चिठ्ठीखाली आणि कमी झिजलेला दुसऱ्याच्या इंजिनात, अशी चूक उलट दिशेने झालेली मी अद्याप पाहिली नाही. त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचे काम जोखमीचे असावे, त्याच्यावर चांगला नग खपवावा असे मालकांना वाटले असावे. ते इंजिन त्याच शहरातील एका गॅरेजमध्ये जोडून तयार होते, सुरू मात्र व्हायचे होते. म्हणून क्रँक परत येऊ शकत होता.

येथे भावाने एक अट घातली, आणि ती त्याला सुचली याचे मला कौतुक वाटते. त्या अनोळखी गृहस्थांचे इंजिन उघडून आमचा क्रँक काढणार, मग त्यांना काय सांगणार? मालक म्हणाले, “तुम्हाला काय करायचे आहे? तुमचा माल तुम्हाला मिळतो आहे ना?” भावाने सांगितले, त्यांना खरे सांगितल्याशिवाय मी क्रँक स्वीकारणार नाही. मिस्त्रींना हे अतिरेकी वाटले. परतीच्या वाटेवर ते स्पष्टच म्हणाले, “मालक, हातात आलेली वस्तू कुणी सोडतं का?” तासभर गाडीत यावर चर्चा झाली आणि कोणाचेच मत बदलले नाही. मलाही त्या क्षणी वाटले होते की व्यवहार फिसकटणार.

तो फिसकटला नाही. ठिपके असलेला क्रँक आला, दहा थाऊ घासलेला. तिसऱ्या सिलिंडरला लायनर बसला, वीसच्या मापाला कापला गेला. या खेपेस मिस्त्री दिवसभर यंत्राशेजारी स्टूल टाकून बसले. होनिंगनंतर सिलिंडरच्या भिंतीवर तिरक्या रेघांची जाळी उमटली आहे ना, हे त्यांनी बॅटरी लावून पाहिले. त्या रेघांत तेल धरून राहते. घरी आणल्यावर ब्लॉक गरम पाण्याने आणि साबणाने धुतला, कारण घासकामाची बारीक पूड नुसत्या रॉकेलने निघत नाही आणि राहिली तर नव्या रिंगांना सहाणेसारखी खाते. त्या कारखान्यातील एका तरुण कारागिराने हे सारे मन लावून पाहिले आणि जाताना मिस्त्रींच्या पाया पडला. सिलिंडर बहुधा त्याच्याच हातून बिघडला असावा. मिस्त्रींनी त्याला विचारले नाही.

दिवाळी पाडव्याला इंजिन सुरू झाले. पाचशे किलोमीटर हळू चालवून ऑइल बदलले, हेडचे नट पुन्हा ताणले. पूर्वी दर तीनशे किलोमीटरला एक लिटर ऑइल पिणारी गाडी आता महिनाभरात कांडीवरची खूण सोडत नाही.

कार्तिक पौर्णिमेच्या सुमारास भावाला एका अपरिचित क्रमांकावरून फोन आला. ते दुसरे गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक. मालकांनी त्यांना सगळे सांगितले होते. किती सांगितले हे आम्ही विचारले नाही. त्यांचा मूळ क्रँक त्यांनी घासकामासकट परत घेतला होता, पण तीसच्या मापाची बेअरिंगे कोठे मिळेनात. भावाने त्यांना कुर्ल्याच्या दुकानदाराचा पत्ता दिला आणि मिस्त्रींचा फोन नंबर.